एन्ट्रॉपी शिकताना आधी वही उघड

व्याख्या पाठ करून क्वांटम एन्ट्रॉपी, म्हणजे अवस्थेबद्दलच्या अनिश्चिततेचं माप, हाती लागत नाही, बाळा. आधी वहीत दोन क्यूबिटची, म्हणजे क्वांटम बिटची, बेल अवस्था मांड; ही पूर्ण गुंतलेली जोडी. पूर्ण जोडीची फॉन नॉयमन एन्ट्रॉपी (क्वांटम अवस्थेसाठीची एन्ट्रॉपी) शून्य येईल. मग एका क्यूबिटवर आंशिक ट्रेस घे, म्हणजे तो हिशेबातून बाजूला काढ, आणि उरलेल्याची काढ: पूर्ण 1 बिट! जोडीबद्दल सगळं ठाऊक, एकट्याबद्दल काहीच नाही. जोडीच्या एन्ट्रॉपीतून एकट्याची वजा केलीस की सशर्त एन्ट्रॉपी, म्हणजे एक हाती असताना दुसऱ्याबद्दल उरणारी अनिश्चितता, उणे 1. पान खोडू नकोस, गणित बरोबर आहे. होरोडेत्स्की, ओपनहाइम आणि विंटर या संशोधकांनी 2005 मध्ये त्या उण्याचा अर्थ लावला: समोरच्याकडं अवस्था पोचवायला साधे बिट पुरतात, आणि वरून गुंतलेल्या जोड्या पुढच्या कामाला शिल्लक राहतात. मला तर हे आजही फार सुंदर वाटतं.

शूमाकरचं कॉम्प्रेशन (1995), म्हणजे क्वांटम माहिती कमी क्यूबिटांत बसवणं, नंतर वाच.

फॉन नॉयमनचा आकडा असंख्य प्रतींच्या सरासरीला लागू पडतो. आपल्या लातूरकडं पावसाची सरासरी कधी कधी भरते, पण ऑगस्टात तीन आठवडे उघडीप पडली की सोयाबीन वाळतंच ना? गुप्त किल्ली एकदाच बनवायची असेल, तर तिथं सरासरी नको, किमान एन्ट्रॉपी बघ; ती हल्लेखोराच्या सर्वात चांगल्या अंदाजावरून निघते. हल्लेखोराचा सर्वात चांगला अंदाज बरोबर येण्याची शक्यता 1/8 असेल, तर किमान एन्ट्रॉपी 3 बिट.