आजी काशीला गेलीच नव्हती

"आमच्या घराण्यात वेड आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे बहुधा लग्न ठरताना येतो. साठीच्या या गृहस्थांचंही तसंच झालं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आणि नव्वदीच्या आत्याच्या तोंडून निघून गेलं, की आजी काशीला गेली असं घरात सांगत आले, पण ती गेलीच नव्हती. चले जावच्या साली धाकट्या काकांच्या वेळी बाळंतीण असतानाच तिला भ्रम झाला आणि वेड्यांच्या इस्पितळात टाकली. ठाणं की पुण्याचं येरवडा, आत्याला ठाऊक नव्हतं. वारली कधी तेही माहीत नाही, म्हणून पान सर्वपित्रीला.

आधी भीतीचं बघू. स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर दहात एकाला. नातं लांबचं होईल तसा धोका भराभर उतरतो. पणतीचं लग्न अडावं असं यात काहीच नाही. शिवाय बाळंतिणीला होणारा भ्रम हे वेगळं दुखणं. हजारात एकदोघींना होतं, आणि आज वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात. आजीच्या वेळी मात्र आजच्यासारखी औषधंच नव्हती. ती १९५२ नंतरची.

गृहस्थ आजीच्या मृत्यूची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत शोधत होते. मृत्यू जिथे होतो तिथेच तो नोंदला जातो, म्हणून दोन्ही शहरांत अर्ज करायला सांगितलं. एका जुन्या वहीत सापडलं: आजीचं नाव, 'कोम' (म्हणजे अमक्याची बायको), पुढे आजोबांचं नाव, गाव. साल १९४६. दाखल्यावर मृत्यूचं कारण देत नाहीत, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच तशी मनाई आहे. त्यासाठी इस्पितळाकडे जुन्या केसपेपरची वेगळी मागणी करावी लागते, आणि इतके जुने कागद उरलेले असतीलच असं नाही.

"म्हणजे चार वर्षं जिवंत होती," ते म्हणाले. "कोणी भेटायला गेलं असेल का हो?"

हे कुठल्या वहीत मिळत नाही. तो सगळा तास आजोबांवरच्या रागाचा झाला. 'त्या काळी असंच होतं' म्हणून मी तो राग विझवला नाही. चार वर्षं मुलांना आई जिवंत असल्याचं कळू दिलं नाही, याचा राग यायलाच हवा.

तारखेवरून त्यांनी तिथी काढून घेतली. मुलीला सगळं सांगितलं. तिला मी एवढंच म्हटलं: दिवस राहिले की डॉक्टरांना पणजीची हकीकत पहिल्याच भेटीत सांग, आणि बाळंतपणानंतर बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप लागेना, तर घरच्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.