बाईकचं आमिष दाखवलं तरी पोरगं अभ्यास करत नाही, काय करायचं?

"मॅडम, मना पोऱ्या अभ्यासच करस नही." चोपड्याकडचे केळी बागायतदार, खुर्चीत बसता बसताच बोलले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). अकरावी सायन्स, जळगावात नीटचा क्लास, रूम, मेस, सगळं दिलेलं, दहावीला मोबाईल झाला, आता नव्वद टक्के पाडले तर बाईक, तरी पुस्तक उघडत नाही. समुपदेशनात ही तक्रार माझ्याकडे सारखी येते.

मुलाशी एकट्याशी बोलले. आधी नुसतं हं हं. ठिबकचा विषय निघाला आणि गडी सुटलाच, फिल्टर चोंदला की शेवटच्या झाडांना पाणी कमी पडतं, मग नळीचं टोक उघडून फ्लश मारायचं, कुठली नळी आधी, का आधी, हातवारे करून सांगत होता. याला आळशी कोण म्हणेल?

मास्लो या मानसशास्त्रज्ञाने 1943 मध्ये माणसाच्या गरजा मांडल्या, अन्न-पाणी, सुरक्षितता, मग आपलेपणा, मान, आणि शेवटी अंगात जे आहे ते फुलवणं. वडिलांनी पहिल्या दोन्हींत काहीच कमी ठेवलं नव्हतं. पण रूमवर बोलायला कोणी नाही, क्लासमध्ये मार्कांवरून शेवटच्या बॅचला टाकलेला, आणि घरून रोज रात्री फोन, "टेस्टला किती पडले?"

बाईकचं म्हणाल तर 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी आवडीने चित्रं काढणारी बालवाडीतली मुलं घेऊन प्रयोग केला. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केलं, त्यांचाच पुढे मोकळ्या वेळात चित्रांतला रस कमी झाला, अचानक बक्षीस मिळालेल्यांचा नाही. या मुलालाही दहावीपर्यंत विज्ञान मनापासून आवडायचं हो! डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात की माणसाला आतून उभारी यायला आपला निर्णय आपण घेतोय, आपल्याला हे जमतंय आणि आपली माणसं सोबत आहेत, हे तिन्ही वाटावं लागतं. याला एकही वाटत नव्हतं.

"मग काय लाड करायचे का?" वडील चिडले, आणि त्यांचं चिडणं मला पटतं, पैसा घामाचा आहे. मी म्हटलं, भाऊ, शिस्त राहू द्या, अभ्यासाचा वेळ ठरलेलाच असू द्या, फक्त कशासाठी शिकायचं ते त्याला ठरवू द्या आणि बाईकची अट काढा. फोनवर मार्क नको, आज काय कळलं ते विचारा.

मॅथ्स-बायो दोन्ही होतं म्हणून बरं. नीट सोडून तो आता सीईटीची तयारी करतोय, राहुरीला कृषी अभियांत्रिकी करायचं म्हणतो. मार्क अजून बेताचेच आहेत. पण रविवारी घरी गेला की बापलेक ठिबकवर तासभर भांडतात, म्हणे.