थंडीत पाणी कमी, ऊन जास्त

ताई, मनी प्लांटची पानं पिवळी पडताहेत म्हणून तुम्ही पाणी वाढवलंत, तिथंच गडबड झाली. थंडीत झाडाची वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात. माती ओलीच राहते आणि मुळं सडतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. बोटाला ओली माती चिकटली तर पाणी नको. माझं स्नेक प्लांट डिसेंबरात तीन-तीन आठवडे कोरडं असतं, मजेत आहे.

पाणी सकाळी ऊन आल्यावर द्या, तेही गच्चीवरच्या टाकीतलं गार नको. बादली तासभर उन्हात ठेवा. केळीच्या बागेत थंडीच्या रात्री पाणी सोडतात ते बघून माझ्या दिरांनी कुंड्यांनाही रात्री पाणी घातलं होतं. अ‍ॅग्लोनिमा गेलं! बागेचं गणित वेगळं, कुंडीचं वेगळं.

मुंबईची बहीण सांगेल, 'आमची तर बाल्कनीतच असतात.' तिथं समुद्रामुळे रात्र एवढी गारठत नाही. आपल्याकडे धुळ्या-जळगावला पारा कधी 10 अंशांच्याही खाली जातो, आणि दुपारी पुन्हा चटका. म्हणून नाजूक झाडं संध्याकाळी आत घ्या, खिडकीच्या काचेला पानं टेकू देऊ नका. दिवसा दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, थंडीत ऊन तिकडूनच येतं. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा.

तुळशीची पानं गळली तर घाबरू नका, मंजिऱ्या खुडा. खत मात्र संक्रांत होईपर्यंत नको.