अक्षरं एका बाजूला खोल, दुसरीकडे पुसट येतात?

मित्रा, सीएनसी राउटरवर (संगणकाच्या सूचनांनी लाकूड कोरणारं मशीन) कोरलेल्या तुझ्या पाटीचा फोटो पाहिला. डिझाइनला हात लावू नकोस, घोळ फळीच्या सपाटीत आहे. ९० अंशांच्या व्ही बिटने (व्ही आकाराचं टोकदार कोरायचं पातं) रेघेची रुंदी खोलीच्या दुप्पट पडते. म्हणजे फळी अर्धा मिमी वर-खाली असली तरी रेघेत पूर्ण १ मिमीचा फरक दिसणार. म्हणून चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध बिट फळीवर ठेवलेल्या कागदाला टेकवून झेडचे (बिटच्या उंचीचे) आकडे लिहून घे. मग फळी काढून नुसत्या स्पॉइलबोर्डवर (मशीनच्या बेडवर, फळीखाली असणारा लाकडी पाट) तेच कर. तिथेही फरक निघाला तर आधी बोर्ड मशीनवरच सपाट करून घे. बोर्ड बरोबर असेल तर फळी रंधून घे. वाकलेली फळी क्लॅम्पने दाबून काम भागत नाही, मध्ये फुगा राहतोच.

बिट बदललं की झेड पुन्हा शून्य करायचाच. मी एकदा विसरलो आणि शिसवीची फळी आरपार गेली, अजून हळहळ वाटते. सॉफ्टवेअरमध्ये शून्य लाकडाच्या वर धरलाय की बेडवर, तेही जुळव.

नक्षी अगदीच चिमुकली आली तर इंच-मिमीची गल्लत असते. जी-कोडात (मशीनला चालवणाऱ्या सूचनांच्या फाइलमध्ये) जी२१, म्हणजे मिमीची खूण, आहे का आणि आकडेही मिमीतलेच आहेत का बघ. कॉलेटमधला (बिट घट्ट धरणाऱ्या पकडीतला) भुसा झटक, नाहीतर कापताना बिट घसरतं. आणि पहिली फेरी लाकडाच्या वर, हवेतच चालव.