मूळ नमुना हरवला आणि फक्त जुनं चित्र उरलं, तर फुलपाखराचं शास्त्रीय नाव टिकतं का?

हो, टिकतं, पण नावाचा आधार चित्र नसतो, त्यात रंगवलेलं फुलपाखरू असतं. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे प्राणिनामकरण संहिता. तिचं कलम ७२.५.६ हेच सांगतं. ठळक उदाहरण अठराव्या शतकातला इंग्रज फुलपाखरू-अभ्यासक विल्यम जोन्स याच्या जलरंग चित्रांचं. लंडनला आलेल्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने ती पाहून १७९३ मध्ये दोनशेहून अधिक फुलपाखरांना नावं दिली. चित्रं आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहेत, पण ज्यांच्यावरून ती काढली ते बरेच नमुने पांगले. त्यातले काही नमुने ज्याचे होते, त्या ड्रुरी या इंग्रज संग्राहकाचा संग्रह तर १८०५ मध्ये लिलावात विकला गेला.

म्हणून आधी नमुना शोधायचा. चित्रातली फाटलेली कड, तुटलेली मिशी, पंखाच्या खालच्या बाजूवरचे ठिपके टाचणीवरच्या फुलपाखराशी एकेक करून जुळवायचे. फसगत होते ती इथे: छापील चित्र कोरताना डावं-उजवं उलटलेलं असू शकतं, हाताने रंगवलेल्या प्रतींत छटा बदलते, आणि वरची-खालची बाजू कधी दोन वेगळ्या नमुन्यांवरून काढलेली असते. तसं असेल तर त्यातला एकच नमुना नावासाठी निश्चित करता येतो. फुलपाखरू कुठलं हे सांगणाऱ्या ‘इंडिया’ या जुन्या नोंदीवरही विसंबू नका. त्या काळी ती अमेरिकेतल्या फुलपाखरांनाही लागत असे.

एक मर्यादा: नमुना सापडला नाही म्हणून लगेच नवा नेमता येत नाही. जातीची ओळख किंवा तिचं मूळ ठिकाण याबद्दल खरोखर घोळ असेल, तरच कलम ७५ ती मुभा देतं. चित्रावरून जात निर्विवाद ओळखू येत असेल, तर नव्याची गरजच नाही.