आवडत्या लेखकाची नक्कल होते म्हणून वाचणं थांबवावं का?

नाही, थांबवू नका. नुकत्याच वाचलेल्या कादंबरीचा सूर आपल्या कथेत शिरतो ही तुमची तक्रार मला चांगलीच ओळखीची आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ सालची. मी ती वाचली तेव्हा पुस्तक जुनं झालेलं होतं, तरी पुढं वर्षभर माझी सगळी पात्रं 'वगैरे' म्हणत हिंडायची. एका कथेत पन्नाशीच्या विधवा बाई होत्या. त्याही 'वगैरे' म्हणायच्या!

चूक माझ्या वाचण्यात होती. मी शब्द उचलला, पण तो तिथं काय करतो ते पाहिलंच नाही. 'कोसला'त गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकर त्या 'वगैरे'नं मोठ्या गोष्टींची हवा काढतो, आणि कधी कधी दुखतंय तेही झाकतो. माझ्या बाईंना झाकायचं काहीच नव्हतं.

तेव्हापासून आवडलेलं पुस्तक मी दोनदा वाचते. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. दुसऱ्या खेपेला एवढंच बघते की हे सांगतंय कोण आणि त्याला काय कळलेलं नाही. हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन' (मूळ कोरियन, २००७) यासाठी जरूर वाचा. मांस खाणं सोडणारी बाई कादंबरीच्या मधोमध आहे, पण तीन भागांत आपण तिला बघतो ते आधी नवऱ्याच्या, मग मेहुण्याच्या, शेवटी बहिणीच्या नजरेतून. तिचं स्वतःचं म्हणून जे येतं ती थोडी स्वप्नं. तिला कुणी विचारत नाही, हे लेखिकेला वेगळं सांगावंच लागत नाही. कादंबरीची रचनाच ते सांगते. हे कळल्यावर नक्कल करायला फारसं उरतच नाही, कारण तुमच्या गोष्टीत कुणाला बोलू द्यायचं हा प्रश्न तुमचा तुम्हालाच सोडवावा लागतो.

माझंच एक उदाहरण देते. दोन भावांची वाटणीवरून बोलाचाली, अशी एक कथा लिहीत होते. थोरला किती दुखावलाय हे मी चार ओळींत समजावलं होतं: छातीत कळ, डोळ्यांत पाणी, सगळा सरंजाम. त्या सुमारास वाचताना मी संवादांत कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं तेवढंच टिपत होते. मग कथेत एक बदल केला. सुरुवातीपासून धाकट्याला 'तू' म्हणणारा थोरला शेवटी म्हणतो, "ठरवा तुम्हीच. तुम्ही शिकलेले." त्या चार ओळी खोडल्या. मराठीत 'तू'चं 'तुम्ही' झालं की माणूस किती लांब जातो, ते वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

लेखनाच्या कार्यशाळेला जावं का, असंही तुम्ही विचारलंय. वेळ असेल तर जा. तिथं निदान ठरलेल्या तारखेला काहीतरी लिहून न्यावं लागतं.

आणि हो, न आवडलेली पुस्तकंही टाकून देऊ नका. जिथं कंटाळून मिटलं त्या पानावर खूण करून ठेवा. माझ्याकडच्या अशा बऱ्याच खुणा एकाच तऱ्हेच्या जागी निघाल्या: पात्र खिडकीशी उभं राहून जुनं आठवायला लागतं तिथं. मग माझ्या वहीतल्या कथा काढल्या. पाचांपैकी तिघींत खिडकी होती.