रिकाम्या पुंगळ्या आधी तपासा, मग धुवा

अमेरिकेत रायफल रेंजवरून .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायला गोळा केल्यात ना? मग चकाकीच्या मागे लागू नका, आधी तपासणी करा. लोहचुंबक फिरवून पोलादी पुंगळ्या बाजूला काढा. आत डोकावा: मधोमध एकच छिद्र हवं. दोन बारीक छिद्रं दिसली तर ती बर्डन जातीची, म्हणजे दोन छिद्रांच्या रचनेची. तिचा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी छोटी टोपी) काढायला गेलात की काढायच्या अवजाराची पिन मोडलीच समजा.

आता एक तार घ्या, टोक काटकोनात वाकवून अणकुचीदार करा आणि बुडाजवळ आतून वर-खाली फिरवा. टोक खाचेत अडकलं तर भिंत तिथे पातळ झालीय. ती पुंगळी चिमट्याने चेपून भंगारात टाका.

जुना प्रायमर काढल्यावरच धुवा, नाहीतर त्याची खोबण काळीच राहते. टंबलरमध्ये (पुंगळ्या घोळवून धुणाऱ्या फिरत्या डब्यात) पाणी, स्टीलच्या पिना, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब आणि गॅलनला पाव चमचा सायट्रिक ॲसिड. एक-दोन तास पुरे. ॲसिड जास्त झालं की जस्त निघून पितळ गुलाबी पडतं. अमोनिया असलेलं पॉलिश तर नकोच. पितळेला तडे जातात.

काळ्या पाण्यात शिसं असतं. हातमोजे घाला, स्वयंपाकघराचं सिंक वापरू नका. पुंगळ्या पूर्ण वाळवा, आत अडकलेली स्टीलची पिन झटकून काढा. लांबी साइझिंगनंतर, म्हणजे पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणल्यावर मोजा: २.०१५ इंचाच्या वर गेली तर २.००५ पर्यंत कापा.